पोर्क रोस्टसोबत मसाल्यातली गरम सफरचंदं कशी करायची? सोलापुरात मिळेल त्या सामानात जमेल का?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण हा पदार्थ मी आयुष्यात पहिल्यांदा केला तेव्हा त्याचा शिरा झाला होता. तुम्ही लिहिलंय की नाताळात मुलगी आणि जर्मन जावई सोलापूरला येणार आहेत, पोर्क रोस्टचा बेत ठरलाय आणि सोबत मसाल्यातली गरम सफरचंदं करायची आहेत. एकदा करून पाहिलीत तर लगदा झाला आणि चव गोडमिट्ट. सफरचंदं कुठली घ्यावीत, मसाला कुठला आणि गोडी किती, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातच अडकली आहेत.

मी अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होतो, आता जुळे सोलापुरात घरी राहून ऑर्डरी घेतो. जहाजावर रविवारी दुपारी रोस्ट ठरलेलं. पहिल्याच जहाजाचा कॅप्टन पोलंडचा होता. आधीचा कुक जाताना एका चिठ्ठीवर चारच शब्द लिहून गेला होता: सफरचंद, लोणी, दालचिनी, साखर. मी मनात म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम. भरपूर लोणी घातलं, साखर सढळ हातानं टाकली, वर वेलची आणि चार काजूही. कॅप्टननं एक चमचा चाखला, वाटी हळूच बाजूला सरकवली आणि रोस्ट नुसतंच खाल्लं. जेवण झाल्यावर कॉफीसोबत वाटी चाटूनपुसून संपवली आणि मला म्हणाला, "गोड छान होतं. पण सफरचंदं कुठे आहेत?"

तेव्हा मला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षं मी दर वेळी साखर कमी करत गेलो, कारण बश्या तेवढ्याच रिकाम्या येऊ लागल्या. पण हे असं का होतं, ते मला समजलं सोलापुरात आल्यावर, आणि तेही आईमुळे. आई माळकरी आहे. आमच्या स्वयंपाकघरात मांस येत नाही. माझा ओव्हन, सुऱ्या, पाट, सगळं गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सफरचंदं मात्र मी खाली तिच्याच गॅसवर करतो, त्यात आक्षेपार्ह काही नाही. एकदा तिनं चमच्यानं थोडं चाखलं आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर मेथांबाच की! डावीकडं वाढायचा."

अकरा वर्षांत मला जे सांगता आलं नसतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. आपल्या ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, मेथांबा. तिथलं काही कुणी वाटीभर खात नाही. पुरणपोळीवर तूप ओतलं की जीभ जड होते, मग लोणच्याला बोट लावायचं आणि पुढचा घास नव्यानं घ्यायचा. पोर्कची चरबी जिभेवर अशीच बसते, आणि ही सफरचंदं तिला उठवायला असतात. म्हणजे आधी आंबट, मग गोड, खाली मीठ आणि शेवटी मिऱ्याचा किंवा आल्याचा चटका. तुमची चूक मापाची नाही, बाजूची झाली. तुम्ही उजवीकडचा पदार्थ केलात. हे एकदा डोक्यात बसलं की साखर किती ते हातच सांगेल.

आता सफरचंद. आपल्या बाजारात आंबट सफरचंद का मिळत नाही, यालाही एक गोष्ट आहे. हिमाचलात कुलूकडे इंग्रजांनी आधी विलायती आंबट जाती लावल्या होत्या, पण आपल्या लोकांना त्या फारशा रुचल्या नाहीत. मग 1916 च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी (पुढे ते सत्यानंद झाले) कोटगढ भागात डेलिशियस जातीची झाडं आणली. गोड, लालभडक, दिसायला देखणी. ती चालली, आणि आज गाड्यावर जे 'सिमला' किंवा 'काश्मीर' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं त्याच घराण्यातलं असतं. हातात घेऊन खायला उत्तम, पण शिजवायला लुळं. आंबटपणा कमी आणि चार दिवस उन्हात राहिलं की आत पिठूळ होतं. पिठूळ सफरचंद कढईत गेलं की लगदा होणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

म्हणून जमेल तर हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्या. ही बाहेरून येते, महाग पडते, पण आंबट आणि करकरीत. (जात मूळची ऑस्ट्रेलियातली, सिडनीजवळ 1868 मध्ये मारिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या आवारात रोप आपोआप उगवलं, म्हणून नावात 'ग्रॅनी'.) सोलापुरात ती मोठ्या फळवाल्याकडे किंवा मॉलमध्ये मिळते, हातगाडीवर क्वचित. मी स्वतः सगळी ग्रॅनी स्मिथ घेत नाही, निम्मी ती आणि निम्मी पिवळी गोल्डन किंवा गाला. हिरवी आंबटपणा देते, दुसरी वास देते. अगदीच काही मिळालं नाही तर साधी लाल घ्या, पण निवडून: हाताला जड, देठाजवळ घट्ट, टिचकी मारली तर भद्द आवाज न येता टणक आवाज येणारी. सकाळी घ्या, दुपारी चारनंतर गाड्यावरचा माल दिवसभर तापलेला असतो. लालच घेतलीत तर लिंबू दुप्पट आणि गूळ निम्मा. बाहेरच्या सफरचंदांवर मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात चोळून धुवा. सालं मी काढतोच, ती शिजून जिभेवर कागदासारखी राहतात.

सहा माणसांना मध्यम आकाराची सहा सफरचंदं, साधारण एक किलो. चार भाग करून मधला बियांचा भाग काढा आणि प्रत्येक भागाच्या दोन किंवा तीन जाड फोडी करा. पातळ काप नकोत. चिरताच एका मोठ्या लिंबाचा रस चोळा. हा रस फोडी काळ्या पडू नयेत म्हणून तर आहेच, पण त्याचं दुसरं काम मोठं आहे. आमटीत आपण चिंच डाळ शिजल्यावर का घालतो? आधी घातली तर डाळ शिजता शिजत नाही म्हणून. आंबटपणा भाज्या-फळांना घट्ट धरून ठेवतो. आमटीत तो अडथळा असतो, इथे आपल्याला तोच हवाय. लिंबू शेवटी पिळलंत तर चव येईल, पण फोड तोवर मोडलेली असेल.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं घ्या, स्टीलचं किंवा नॉनस्टिक. लोखंडी कढईचा मोह टाळा. सफरचंद आणि लोखंड भेटले की फोडी जांभळट काळ्या होतात आणि गंजासारखी चव येते. मी एकदा आईच्या लोखंडी कढईत केली होती, कॅप्टन असता तर समुद्रात फेकली असती. कल्हई गेलेलं पितळही नको.

चाळीस ग्रॅम लोणी वितळवा. एक छोटा कांदा उभा पातळ चिरून त्यात गुलाबी करा. कांदा बऱ्याच कृतींत नसतो, पण तो घातला की पदार्थ गोडाच्या वाटेला जात नाही, म्हणून मी घालतो. मग दोन इंच दालचिनी, तीन लवंगा, जाडसर कुटलेली सात-आठ मिरी. लोण्याला वास सुटला की फोडी एका थरात पसरा. एकावर एक नको. मावत नसतील तर दोनदा करा, पण भरू नका. आणि झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफ कोंडते आणि वाफेत सफरचंद उकडलेल्या बटाट्यासारखं होतं. डावानं ढवळायचंही नाही, भांडं कानांना धरून हलवायचं, आणि चार मिनिटांनी एकेक फोड चमच्यानं उलटायची.

मग इथे थांबा आणि बघा, कारण पुढची तीन-चार मिनिटंच सगळी कला आहे. कडेकडून फोड पारदर्शक होत येते, साखरांब्यातल्या कैरीसारखी. मध्ये एक पांढरी रेघ राहते. ती रेघ असतानाच दोन टेबलचमचे किसलेला गूळ, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर किसलेलं आलं घाला. फोडींच्या पाण्यात गूळ विरघळेल, पाक सुटेल, बुडबुडे आधी मोठे आणि फसफसते, मग लहान आणि संथ होतील. बुडबुडे लहान झाले की गॅस बंद करा. तोवर रेघ दिसेनाशी झालेली असते, फोड चमच्याच्या पाठीनं दाबली तर वाकते, तुटत नाही. पातेलं गरम असतं म्हणून ती अजून दोन मिनिटं शिजतच राहते, हे धरून चाला. शेवटी जायफळ किसणीवर दोनदा घासा, तिसऱ्यांदा नको. चाखा. पहिल्यांदा आंबट लागलं पाहिजे. नाही लागलं तर अर्धं लिंबू अजून. लवंगा आणि दालचिनी वेचून काढा. जावयांच्या दाताखाली लवंग येऊ नये.

गूळ का, साखर का नाही? त्यांच्याकडे ब्राऊन शुगर वापरतात; तिच्यातला काकवीचा वास आपल्या गुळात त्याहून जास्त असतो. फक्त गूळ गाळून घ्या किंवा नीट किसून बघा, कचरा आणि खडे निघतात. रसायनाचा पिवळाधमक गूळ खारट असतो, तो घेतलात तर मीठ कमी करा.

मसाल्याचं थोडं बोलतो. परदेशी कृतींत 'ऑलस्पाइस' दिसेल. नावावरून तो मिसळलेला गरम मसाला वाटतो, पण तसं नाही. ते जमैकाकडच्या एका झाडाचं सुकवलेलं फळ आहे. त्याच्या वासात लवंग, दालचिनी, जायफळ आणि मिरी सगळंच थोडं थोडं येतं, म्हणून वर जे चार मसाले सांगितले त्यात ते आलंच. तयार गरम मसाला नको, त्यात धने-जिरे असतात आणि सफरचंदाला भाजीचा वास येतो. आपला काळा मसाला तर लांबच ठेवा, दगडफूल आणि भाजलं खोबरं इथे काय करणार? मधल्या मारुतीच्या बाजारात दालचिनी घेताना बघून घ्या: जाड, लाकडासारखी साल म्हणजे तज, तिखट आणि उग्र, कागदासारखे थर गुंडाळलेली पातळ नळी म्हणजे खरी दालचिनी. तज असेल तर एकच इंच घाला. पूड वापरू नका, पाक गढूळ होतो. आणि वेलची? वेलची घातली की आपल्या जिभेला कळतं, हा गोडाचा पदार्थ. जर्मन नाताळच्या बिस्किटांतही वेलची असते, म्हणजे जावयांच्या जिभेलाही तेच कळणार. बडीशेप मात्र चालते, अगदी अर्धा चमचा, लोण्यात परतून. पोर्कशी तिचं चांगलं जमतं.

पोर्क कसं करायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. सोलापुरात चांगल्या कटचं पोर्क हमखास मिळेल असं नाही. मी पुण्याहून फ्रोझन आणवतो. कुणी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार असेल तर थर्माकोलच्या पेटीत, बर्फासकट. ते फ्रीजमध्येच पूर्ण दिवस वितळू द्या, ओट्यावर नाही. दुसरी गोष्ट, परदेशात पोर्क आत किंचित गुलाबी ठेवायची पद्धत आली आहे, ती आपण इथे पाळू नये. डुकराच्या मांसातून टेपवर्म हा जंत होतो, आणि त्याची अंडी पोटात गेली की आळ्या मेंदूपर्यंत जाऊन आकडी येण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. आतलं तापमान 75 अंश व्हायलाच हवं; मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, घ्या. खांद्याचा दीड किलोचा तुकडा असेल तर 160 अंशांवर अडीच-तीन तास, तेव्हा तो मऊही होतो. आदल्या रात्री मीठ आणि मिरी चोळून ठेवा. कृतीत थाइम लिहिलेलं असेल आणि मिळालं नाही तर चिमूटभर ओवा चुरडून चोळा. दोघांच्या वासातला मुख्य भाग एकच, थायमॉल. चिमूटभरच, नाहीतर पोटदुखीचं औषध वाटेल.

वेळ जुळवणं सोपं आहे. पोर्क ओव्हनमधून काढलं की वीस मिनिटं तसंच ठेवायचं असतं, नाहीतर कापताना रस पाटावर वाहून जातो. ती वीस मिनिटं म्हणजेच तुमची सफरचंदं. फोडी आधी चिरून लिंबात ठेवा, मांस बाहेर आलं की लोणी तापवा. पदार्थ गरम वाढायचा, पण धगधगता नाही. आणि गार झाला तर लोणी गोठून फोडींवर पांढरी साय दिसते. डिसेंबरात आपल्याकडेही रात्री गारठा असतो, म्हणून वाटी आधी गरम पाण्यानं धुऊन घ्या.

लगदा झालाच तर? तर तो फेकू नका आणि माफीही मागू नका. इंग्लंडात रोस्टसोबत सफरचंदाचा लगदाच असतो. ब्रॅम्ली नावाचं त्यांचं शिजवायचं सफरचंद कढईत गेलं की फेसासारखं फुटतं आणि त्यांना तेच हवं असतं. लिंबू पिळा, मिरी घाला, घोटून सॉस म्हणून वाढा. जर्मनीतल्या ऱ्हाइनकडच्या भागात तर सफरचंद आणि बटाटा एकत्र घोटतात, त्याला 'हिमेल उंड एर्डे' म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी म्हणतात. सफरचंद झाडावरचं, बटाटा जमिनीतला. जावईबापू त्या बाजूचे असतील तर बटाटा घातलेला लगदा बघून जास्त खूश होतील. त्यांना विचारून घ्या, कारण दुसऱ्या भागातल्या घरी नाताळच्या रोस्टसोबत लाल कोबी असतो, सफरचंद आणि लवंग घालून शिजवलेला. तसं असेल तर माझी सगळी मेहनत वाया आणि तुम्ही लाल कोबी आणायला बाहेर.

हे पोर्कबरोबरच का, तर त्याचं कारण पंचांगात आहे. त्यांच्याकडे सफरचंदं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात आणि थंडी पडायच्या सुमारास डुक्कर कापायची जुनी रीत. दोन्ही एकाच वेळी घरात, म्हणून एकाच ताटात. आपल्याकडे संक्रांतीच्या आधी हरभरा, वाटाणा, गाजर, बोरं एकत्र येतात आणि भोगीची भाजी होते, तसंच.

शेवटची सूचना, ही तुमच्या घरात कोण कोण जेवणार त्यावर अवलंबून. काही कृतींत लोण्याऐवजी रोस्टमधून सुटलेली चरबी वापरा असं लिहिलेलं असतं. चवीला ते अप्रतिम लागतं, खोटं बोलत नाही. पण घरात कुणी पोर्क न खाणारं असेल तर दोन वेगळी भांडी, दोन वेगळे चमचे, आणि वाढताना कुठलं काय ते तोंडानं सांगायचं. मी तरी लोण्यातलंच करतो, कारण दुसऱ्या दिवशी उरलेलं आई घेते. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. ती त्यात मेथ्यांची फोडणी देते, चमचाभर तिखट टाकते आणि कडक भाकरीसोबत खाते. परवा मला म्हणाली, एवढं सफरचंद महाग कशाला आणतोस, पेरूचं कर. केलं. घट्ट, अर्धवट पिकलेले पेरू, बिया काढून, हीच कृती, लिंबू थोडं कमी. तुम्हाला ग्रॅनी स्मिथ नाहीच मिळाली तर तेही करून बघा, आणि जावयांना आधी काय आहे ते सांगू नका.